बालकांच्या मेंदूतील जंतुसंसर्ग : वेळीच निदान, वेळीच शस्त्रक्रिया

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. कर्जतहून मुंबई लोहमार्गाने सुमारे १०० किलोमीटर आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेली परळचे के. ई. एम. आणि भायखळ्याचे जे. जे. ही सार्वजनिक रुग्णालये त्यामुळे काही तासांच्या अंतरावर आहेत. तथापि, डोंगरातील ठाकर वा कातकरी वाडीवरून मूल तालुक्याच्या गावी पोहोचण्यातच बहुमोल काळ जाऊ शकतो. मेंदूच्या जंतुसंसर्गात हा काळच निर्णायक ठरतो.

वाहणारा कान

मुलाचा कान वाहणे ही क्षुल्लक बाब मानली जाते. कानात तेल सोडून स्वस्थ बसण्याची रीतही जुनी आहे. परंतु दीर्घकाळ वाहणाऱ्या कानातील पू हाड पोखरून मेंदूपर्यंत जाऊ शकतो व तेथे गळू होते. डोकेदुखी, उलट्या, ताप, झटके आणि वाढती गुंगी ही त्याची लक्षणे होत. सी. टी. स्कॅनने गळवाची नेमकी जागा कळते. कवटीला लहानसे छिद्र पाडून सुईने पू काढला जातो. त्यानंतर कित्येक आठवडे प्रतिजैविके द्यावी लागतात; कानाचा मूळ रोगही दूर करावा लागतो. मूल बेशुद्ध होण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाल्यास ते वाचण्याची शक्यता पुष्कळच वाढते.

क्षयाचा मेंदूज्वर

दुसरा धोका क्षयजन्य मेंदूज्वराचा. रेंगाळणारा ताप, घटते वजन व चिडचिड अशी त्याची सुरुवात संथपणे होते. पुढे मेंदूतील पाण्याचा मार्ग रोधला जाऊन दाब वाढतो. तान्ह्या बालकाची टाळू फुगते, डोके मोठे होऊ लागते. अशा वेळी क्षयाच्या औषधांबरोबरच मेंदूतील पाणी त्वचेखालून पोटात सोडणारी बारीक नळी, म्हणजे 'शंट', बसवावी लागते.

ही नळी महागडी परदेशीच असावी असे नाही. उत्तर प्रदेशातील शाहजहानपूर येथे तयार होणारी स्वस्त छाब्रा नळी आणि महाग विदेशी नळी यांची तुलना युगांडात १९५ बालकांवर करण्यात आली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एका वर्षाअखेर दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र नळी कोणतीही असो, ती तुंबू शकते. पुन्हा उलट्या वा गुंगी दिसताच मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे, हे पालकांना समजावून सांगणे अगत्याचे आहे.

गावाचे कर्तव्य

खर्चाची धास्ती हे विलंबाचे एक कारण असते. २०१२ साली शासनाची जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. आता ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. मेंदूच्या शस्त्रक्रियांचाही तीत समावेश आहे.

शिक्षकांनी वर्गातील वाहत्या कानाची मुले हेरून आरोग्य पथकास दाखवावीत. जन्मतःच बी. सी. जी. लस टोचली गेल्याची खातरजमा अंगणवाडी सेविकांनी करावी. झटके येणारे मूल भगताकडे न नेता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालयात पोहोचेल, याची दक्षता पंचायत सदस्यांनी घ्यावी. शस्त्रक्रिया मुंबईत होते. तिचे यश मात्र पुष्कळ अंशी वाडीवरच ठरते.