अर्भकाची कामला : पित्तनलिकारोध व यकृताच्या ऊतींतील निदानखुणा

जन्मानंतर चौदा दिवसांपुढे टिकलेली कावीळ 'उन्हात धरले की जाईल' म्हणून सोडून देणे हा आमच्या व्यवसायातील घातक प्रमाद होय. बाळ दूध पिते, वजन वाढते, हसते. म्हणूनच फसगत होते.

शाखाश्रित कामलेत मल तिळाच्या पिठीसारखा होतो, हे चरकसंहितेच्या पांडुरोगचिकित्सिताध्यायात आपण सर्वांनी अभ्यासले आहे. कफाने पित्ताचा मार्ग अडतो, ही तेथील संप्राप्ती. परंतु तेथील कटु-तीक्ष्ण-उष्ण चिकित्सेत मार्ग शाबूत असून केवळ अडलेला आहे, हे गृहीत आहे. बिलियरी अट्रेशियात मार्गच नष्ट होत जातो; यकृताबाहेरील पित्तवाहिनीची तंतुमय दोरी बनते. काढ्याने ती उघडेल अशी आशा आम्ही धरत नाही.

निदानासाठी यकृताचा सूक्ष्म तुकडा तपासतात. नेहमीच्या रंजनात पित्तनलिकांची वाढ, नलिकांत साकळलेले पित्त व तंतुमयता दिसते. पण सहा आठवड्यांच्या आत ही चिन्हे अपुरी असू शकतात व नवजात यकृतशोथाचा भ्रम होतो. येथे प्रतिपिंडांवर आधारित रंजन साहाय्यक ठरते. सायटोकेरॅटिन ७ व १९ ही पित्तनलिकेच्या पेशींतील प्रथिने. त्यांच्या रंजनाने नलिका तपकिरी उमटतात व मोजता येतात. अट्रेशियात त्या दाटीने, वेड्यावाकड्या दिसतात. आलाजील सिंड्रोममध्ये त्या विरळ असतात. सीडी ५६ सामान्य प्रौढ नलिकेत आढळत नाही, अट्रेशियाच्या नलिकांत मात्र बहुधा आढळते. एमएमपी ७ हे विकर अशा यकृताच्या नलिकापेशींत वाढलेले असते व रक्तातही मोजता येते. अलीकडच्या अभ्यासांत त्याची भेदक्षमता चांगली दिसली आहे. तथापि यांतील एकही खूण एकटी निर्णायक नाही. अंतिम निर्णय शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या कोलँजिओग्रामचाच.

घाई कशासाठी? जपानमधील शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी 1959 मध्ये प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया साधारण साठ दिवसांच्या आत झाल्यास पित्तप्रवाह सुरू होण्याची शक्यता अधिक असते; पुढे ती घटत जाते. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही अनेक बालकांना पुढे यकृतप्रत्यारोपण लागते, हे पालकांपासून लपवू नये.

औषधालयाच्या धारकांनाही आमची विनंती आहे. आजी काविळीचे चाटण मागावयास आली, तर बाळ किती दिवसांचे, हे आधी विचारावे. मलाचा रंग दिवसाच्या उजेडात पाहण्यास सांगावे; दुपट्यावर मूत्राचा पिवळा डाग पडतो का, तेही विचारावे. वैद्यांनी एकूण बिलिरुबिनवर समाधान न मानता डायरेक्ट बिलिरुबिन मागवावे. ते 1 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरहून अधिक असल्यास बाळ त्याच आठवड्यात बालयकृततज्ज्ञाकडे पाठवावे. पित्ताअभावी 'के' जीवनसत्त्व शोषले जात नाही व मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून नाळेतून वा सुई टोचल्या जागेतून रक्त थांबत नसेल, तर आठवडाही थांबू नये.