वाऱ्याची दिशा आणि किरणोत्सार

अणुवीजकेंद्रात अपघात झाल्यास कोणत्या गावास किरणोत्साराची किती मात्रा पोहोचेल, हे केवळ अंतरावर नव्हे, तर वारा व पाऊस यांवरही अवलंबून असते.

मार्च २०११ मध्ये जपानातील फुकुशिमा केंद्रात अपघात झाला. नामिए नगरातील पुष्कळ रहिवासी केंद्राच्या वायव्येस सुमारे ३० किलोमीटरांवरील त्सुशिमा येथे आश्रयास गेले. १५ मार्चला आग्नेयेकडून वारा सुटला. पाऊस व हिम यांसह किरणोत्सारी द्रव्ये तिकडेच उतरली. हवामानावरून मात्रेचा अंदाज बांधणारी ‘स्पीडी’ यंत्रणा होती. परंतु तिचे अंदाज त्या लोकांना वेळीच कळले नाहीत.

शिक्षकांनी शाळेत वातकुक्कुट उभारून मुलांकडून रोज नोंद करवावी. वारा जिकडून येतो, त्या दिशेचे नाव त्यास मिळते. म्हणून आग्नेय वारा धूर वायव्येस नेतो, हे दाखवावे. नुसता अंदाज वर्तवून भागत नाही. तो गावकऱ्यांपर्यंत पोहोचावा लागतो.