गाण्यांचा महिन्याचा खर्च : सेलूकरांनी पैसे आधी कशावर घालावेत?

मन हलकं व्हावं, कामात लक्ष लागावं, दिवस सुसह्य जावा म्हणून रोज गाणी ऐकायची, तर महिन्याकाठी किती खर्च येतो? घरात मोबाइलचं रिचार्ज आधीपासून असेल तर शून्य रुपयांत भागतं. थोडी सोय हवी असेल तर एकदाच पाचशे ते पंधराशे. त्यापुढचा खर्च बहुतेक वेळा गाण्यासाठी नसतोच. जाहिरात टाळण्यासाठी किंवा विसरून गेलेल्या वर्गणीसाठी असतो.

आधी फुकटचं. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून चालू आहे, विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ पासून. 'न्यूज ऑन एअर' या सरकारी अ‍ॅपवर देशभरातली आकाशवाणीची केंद्रं विनामूल्य ऐकता येतात. शास्त्रीय संगीताची आवड असेल तर २०१६ मध्ये सुरू झालेली, चोवीस तास चालणारी 'रागम' वाहिनी तिथेच सापडते. घरातल्या आजी-आजोबांना मोबाइल जमत नसेल तर साधा ट्रान्झिस्टर घेऊन द्या. तो सात-आठशेपासून पुढे मिळतो, डेटा लागत नाही, लाइन गेली तरी सेलवर चालतो. घेताना एवढंच विचारा की त्यात मीडियम वेव्ह आहे का. नुसता एफएमचा संच सेलूत आणि विशेषतः बोर धरणाकडच्या गावांत कामाचा निघेलच असं नाही. नागपूर केंद्र मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला लागतं. दुकानातच लावून पाहा, मग पैसे द्या.

डेटाचा हिशेब मात्र कुणी करत नाही आणि तिथेच गळती असते. साध्या दर्जाचं, म्हणजे १२८ केबीपीएसचं गाणं तासाला सुमारे ५८ एमबी खातं. रोज दोन तास ऐकलं तरी सव्वाशे एमबीच्या आत. तेच गाणं चित्रासकट ४८० च्या दर्जावर लावून फोन खिशात टाकला, तर तासाला तीनशे ते पाचशे एमबी जातात, आणि चित्र तर कुणी पाहतच नसतं. रोजचा दीड जीबी संध्याकाळीच संपतो आणि मग वरून डेटा पॅक मारावा लागतो. गाण्यांच्या अ‍ॅपवर ऐका. यूट्यूबच वापरायचं असेल तर चित्राचा दर्जा १४४ वर आणा. महिन्याचे दोन-तीन जादा पॅक वाचले तरी वर्षाअखेरी बरी रक्कम उरते.

आता वर्गणी. यूट्यूब प्रीमियमचा एकट्याचा दर ऑगस्ट २०२४ मध्ये १२९ वरून १४९ रुपये झाला, कुटुंबाचा १८९ वरून २९९. म्हणजे त्या दराने एकट्याला वर्षाचे १,७८८. इतर अ‍ॅपचे दर साधारण शंभर-दोनशेच्या आसपास फिरतात आणि सारखे बदलतात. जाहिराती सोसायची तयारी असेल तर बहुतेकांचं फुकटच्या ऐकण्यावर भागतं. ज्यांना स्क्रीन बंद ठेवून ऐकायचं असतं किंवा प्रवासासाठी गाणी उतरवून ठेवायची असतात, त्यांना वर्गणीचा खरा उपयोग. रोज सेलूहून वर्धेला किंवा नागपूरला जाणाऱ्या मुलाने ती घेतली तर मी अडवणार नाही. घरात चौघं ऐकणारे असतील तर चार वेगळ्या वर्गण्यांपेक्षा कुटुंबाची एक केव्हाही स्वस्त.

पण 'पहिला महिना मोफत' या शब्दांपाशी थांबा. मोफत महिना सुरू करतानाच तुमच्याकडून यूपीआय ऑटोपे किंवा कार्डाची मंजुरी घेतलेली असते. महिना संपला की पैसे आपोआप कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. पण ती जाहिरातींच्या मेसेजच्या ढिगात हरवते. म्हणून मंजुरी दिली त्याच दिवशी फोनपे किंवा गुगल पेमधल्या 'ऑटोपे' यादीत जाऊन ती रद्द कशी होते ते पाहून ठेवा. अ‍ॅप फोनमधून काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा.

'एकाग्रतेच्या लहरी', '४३२ हर्ट्झ', 'बाळाची बुद्धी वाढवणारं संगीत' अशा नावांनी पैसे मागणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. बुद्धी वाढवण्याची ती गोष्ट १९९३ मधल्या एका छोट्या प्रयोगावरून पसरली. मोझार्ट ऐकलेल्या ३६ कॉलेज विद्यार्थ्यांनी आकृत्यांच्या चाचणीत थोडे जास्त गुण मिळवले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. बाळांचा त्या प्रयोगाशी काही संबंध नव्हता. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी देण्यासाठी सरकारी पैसा मागितला होता.

खरा फायदा कुठे होतो, ते सांगतो. शस्त्रक्रियेनंतर गाणी ऐकणाऱ्या रुग्णांना वेदना आणि धास्ती कमी जाणवते, असं ७० हून अधिक चाचण्या एकत्र तपासून २०१५ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलं. गाणी कोणती, याने फार फरक पडत नव्हता. म्हणजे घरातलं कुणी सेवाग्रामला किंवा सावंगीला भरती असेल तर डॉक्टरांना विचारून त्याच्या आवडीची गाणी ऐकवा. खर्च काहीच नाही. अभ्यासाचं मात्र वेगळं. वाचताना शब्दांची गाणी लावली की कानावर पडणारे शब्द पुस्तकातल्या शब्दांच्या आड येतात. पोलिस भरतीचा किंवा एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी वाचताना बासरी, संतूर, सतार असं शब्दांशिवायचं लावावं. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका घ्या, संतूर, बासरी आणि गिटारची. पाठ करायचं असेल तेव्हा तेही बंद. मैदानावर धावताना, भांडी घासताना, गोठा झाडताना मात्र शब्दांची, ठेक्याची गाणी खुशाल लावा.

आता मी ज्यावर खरोखर पैसे खर्च करायला सांगेन ती गोष्ट : कान. वायरचे साधे इअरफोन दीडशे ते पाचशे रुपयांत चांगले मिळतात, चार्जिंगची कटकट नाही. गळ्यातला ब्लूटूथ नेकबँड साधारण आठशे ते पंधराशे. बाजारात दोनशे रुपयांना मोठ्या कंपनीचं नाव छापलेला ब्लूटूथ दिसला तर तो नकली समजा. बिनतारी इअरफोनवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक असतो, 'आर' अक्षराने सुरू होणारा. 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव दिसतं. पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख मारून घ्या.

आवाज फोनच्या साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा : ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास चालतात, ९० वर फक्त चार, आणि १०० वर जेमतेम २० मिनिटं. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. थ्रेशरवर, ट्रॅक्टरवर किंवा एसटीच्या घरघरीत माणूस नकळत आवाज वाढवतो, तिथे इअरफोन लावूच नयेत. गाडी चालवतानाही नाही. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या वावरात कापूस वेचताना दोन्ही कान बंद ठेवणं तर धोक्याचं. तिथे हजार-बाराशेचा छोटा स्पीकर बांधावर ठेवा, सगळ्या बायांना ऐकू येईल. कानात शिट्टीसारखा आवाज येत राहिला तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात कान-नाक-घशाच्या विभागात दाखवा. ऐकू येण्याची तपासणी ही श्रवणयंत्राच्या हजारो रुपयांपेक्षा फार स्वस्त पडते.

पैसे उरलेच तर ते गाणं शिकण्यावर घाला. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा 'प्रारंभिक'पासून सुरू होतात. जवळच्या वर्गात फी, परीक्षा शुल्क आणि वाद्य यांचा वेगवेगळा आकडा आधीच विचारून घ्या. सुरुवातीला हार्मोनियम विकत घेऊ नका, वर्गातलीच वापरा. आणि आपल्या भागात बिनपैशाचं गाणं अजून जिवंत आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची परंपरा श्रीगुरुदेव सेवा मंडळांनी गावोगावी जपली आहे. कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी आहेत. सेवाग्राम आश्रमात रोजची प्रार्थना सर्वांना खुली आहे. चार माणसांत बसून स्वतःच्या गळ्यातून गाणं हे मला कुठल्याही अ‍ॅपपेक्षा मोलाचं वाटतं, आणि त्यासाठी आवाज गोड असावा लागत नाही.

एक गोष्ट गाण्यावर सोडू नका. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतं, कर्जाच्या विचाराने डोकं चालत नाही, असं घरातल्या कुणाचं झालं असेल तर त्याला मोबाइल देऊन 'गाणी ऐक' म्हणून मोकळे होऊ नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. तिचा १४४१६ हा क्रमांक सरकारी, मोफत आणि चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येतं.

वर्गणी परस्पर कापली गेली, नकली माल गळ्यात पडला किंवा दुकानदार वॉरंटी नाकारत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. बिल हाताशी ठेवा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. या फोनला पैसे पडत नाहीत.