आंतपर्यंत शिजलेलें: सणाच्या टर्कीवरून एक पाठ

शास्त्रभाग: होशेय ७:८, मत्तय ५:२३-२४, योहान २१:९-१७.

प्रस्तावना

अमेरिकेंत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारीं उपकारस्तुतीचा सण पाळितात. त्या दिवशीं दूरदूरचे आप्त एकत्र जमतात, आणि भाजलेला टर्की पक्षी मेजाच्या मध्यभागीं ठेवितात. हा कोंबडीहून पुष्कळ मोठा पक्षी मूळचा अमेरिका खंडांतलाच आहे. १८१३ सालीं मुंबईस आलेले पहिले अमेरिकन मिशनरी हाच सण पाळणाऱ्या न्यू इंग्लंडमधील मंडळ्यांनीं पाठविले होते. तेव्हां त्या सणाची गोष्ट आपणांस अगदींच परकी नाहीं. आपल्या खेड्यांतील चुलीवर टर्की चढत नाहीं हें खरें. तथापि तो शिजविण्याच्या रीतींत समेटाविषयीं एक बोध आहे, आणि सणापूर्वीं घाईघाईनें समेट करणाऱ्या आपणां सर्वांस त्याची गरज आहे.

१. बर्फ आधीं वितळला पाहिजे

बाजारांत हा पक्षी बहुधा गोठविलेला मिळतो. १६ पौंडांचा, म्हणजे सुमारें सव्वासात किलोंचा पक्षी फ्रीजमध्यें ठेवून वितळण्यास ४ दिवस लागतात. गुरुवारीं मेजवानी असेल तर गृहिणीला रविवारींच तयारीस लागावें लागतें. घाई करून कोणी तो रात्रभर उघड्या मेजावर ठेविला, तर वरचें मांस कोमट होऊन त्यांत रोगजंतु वाढतात आणि आंतलें मांस गोठलेलेंच राहतें. तसाच प्रखर आगींत घातला, तर कातडी करपते आणि हाडाजवळचें मांस कच्चें राहतें.

होशेय संदेष्ट्यानें एफ्राइमाला न उलथलेल्या भाकरीची उपमा दिली आहे. तिचा अर्थ आपल्या घरच्या बायांस कोणी समजावून सांगावयास नको: एक बाजू काळी, दुसरी पिठूळ, आणि खाण्यास कोणतीच नाहीं.

मंडळींतील भांडणें आपण पुष्कळदां अशींच शिजवितों. दोन भाऊ शेताच्या बांधावरून, किंवा दोन घराणीं सोयरिकीवरून, वर्षानुवर्षें बोलत नाहींत. प्रभुभोजनाचा दिवस उद्यांवर आला म्हणजे वडीलजन दोघांस ओसरीवर बसवितात, हातांत हात देववितात, प्रार्थना होते, चहा होतो आणि सर्व कांहीं मिटलें असें समजून आपण उठतों. परंतु वर्षांचा बर्फ घटकाभरांत वितळत नाहीं. प्रभूनें वेदीवर अर्पण ठेवून आधीं भावाकडे जाण्यास सांगितलें, तें केवळ रीत पुरी करण्यासाठीं नव्हे. ज्यास नाताळांत समेट हवा, त्यानें सुगीच्या दिवसांतच भावाच्या दाराची वाट धरावी. पहिल्या दिवशीं नुसती विचारपूस करावी. पुढें त्याच्या आजारी बैलाची चौकशी करावी. मग बांधाचें बोलणें काढावें.

२. कसोटी जाड ठिकाणीं घ्यावी

एवढा पक्षी ३२५ अंश फॅरनहाइट उष्णतेच्या बंद भट्टींत सुमारें ४ तास भाजावा लागतो. कातडी तांबूस होते व घरभर वास सुटतो, तो मात्र पुष्कळ आधींच. आणि अननुभवी माणूस तेथेंच फसतो. जाणती गृहिणी रंगावर विश्वास ठेवीत नाहीं. ती मांडीच्या सर्वांत जाड भागांत, हाडास न लागेल असा, थर्मामीटर खुपसून पाहते, आणि तेथें १६५ अंश, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस, उष्णता भरेपर्यंत थांबते.

आणखी एक गोष्ट लक्षांत घ्या. छातीचें मांस लवकर शिजतें आणि अधिक वेळ राहिल्यास कोरडें पडतें. पायाचें मांस चिवट असल्यामुळें त्यास जास्त वेळ लागतो. म्हणून गृहिणी छाती झांकून ठेविते आणि पायांस वेळ देते. एकाच पक्ष्याचे अवयव जर सारख्या वेगानें शिजत नाहींत, तर दोन माणसांचीं मनें एकाच बैठकींत सारखीं मऊ व्हावींत अशी अपेक्षा आपण कां करावी? ज्यानें घाव घातला तो लवकर विसरतो. ज्यास लागला त्याला वेळ लागतो. त्यास कठोर म्हणून हिणवूं नका.

आपल्या प्रभूनें पेत्राशीं कसें केलें तें पहा. पेत्रानें निखाऱ्यांशीं शेकत असतां त्याला तीनदां नाकारिलें होतें. पुनरुत्थानानंतर प्रभूनें समुद्रकिनाऱ्यावर स्वतः निखारे पेटविले, मासळी भाजली आणि प्रथम त्याला जेवूं घातलें. मग त्याच जाड ठिकाणीं त्यानें तीनदां कसोटी लाविली. तिसऱ्या वेळीं पेत्र दुःखी झाला, असें शास्त्र सांगतें. तें दुखणें टाळून समेट झाला असता, तर तो वरवरचा राहिला असता.

३. कच्चें राहिलें तर काय होतें

कच्चें मांस एकट्या स्वयंपाकिणीलाच बाधत नाहीं. पंगतींतील सर्वांस बाधतें, आणि लेंकरांस व म्हाताऱ्यांस अधिक. ह्या सणाचा इतिहासच त्याची साक्ष देतो. १६२० सालीं १०२ प्रवासी मेफ्लॉवर जहाजानें अमेरिकेस गेले. पहिल्या हिवाळ्यांत त्यांपैकीं सुमारें अर्धे मेले. १६२१ सालीं पीक हातीं आल्यावर त्यांनीं प्लिमथ येथें मेजवानी केली. त्या देशचे मूळ रहिवासी वाम्पानोआग लोक आपला पुढारी मॅसासॉइट ह्याच्यासह सुमारें ९० जण आले, त्यांनीं ५ हरणें आणिलीं, आणि तीन दिवस सर्वांनीं एकत्र जेवण केलें. त्यांच्यामध्यें करारही झालेला होता. तथापि पुढें जमिनीचे वाद वाढत गेले, आणि १६७५ सालीं त्याच मॅसासॉइटाचा पुत्र व त्याच प्रवाशांचे वंशज ह्यांत युद्ध पेटलें. हजारों माणसें मेलीं. १९७० पासून मूळ रहिवाशांपैकीं कित्येक जण सणाच्या त्या दिवशीं प्लिमथ येथें शोक पाळितात.

एका पंगतीस बसणें चांगलें आहे. परंतु पंगत म्हणजे समेट नव्हे. बापांनीं जें कच्चें ठेविलें तें मुलांस बाधलें. आपल्या बांधावरचें भांडणही आपण असेंच मुलांच्या ताटांत वाढून ठेवीत नाहीं ना?

४. शिजल्यावर थोडें थांबावें

पक्षी भट्टींतून काढल्यावर निदान २० मिनिटें तसाच ठेवितात. लगेच कापला तर त्यांतील रस वाहून जातो. समेट झाल्यावरही तसेंच. त्याच संध्याकाळीं जुना हिशेब काढूं नये, कोणाचें किती चुकलें तें चावडीवर सांगूं नये, मध्यस्थानें आपली फुशारकी मारूं नये. जें जुळलें आहे त्यास मुरूं द्यावें.

मननासाठीं प्रश्न

(१) माझ्या कोणत्या भावाशीं किंवा जावेशीं माझा समेट कातडीपुरताच झाला आहे?
(२) त्या भांडणांतील जाड ठिकाण कोणतें, ज्यास आजवर कोणी हात लाविला नाहीं?
(३) पुढच्या प्रभुभोजनास किती दिवस आहेत, आणि मी त्याच्या दारीं कधीं जाणार?

बंधुभगिनींनो, ह्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मनांत ठेवूं नका, दिवस ठरवा. तो ठरविलेला दिवस पाळण्याचें बळ प्रभु आपणां प्रत्येकास देवो. आमेन.