शहरातील निवांत जागा

मोठ्या शहरात मनुष्याला पुष्कळ गोष्टी सहज मिळतात. मिळत नाही ती निवांत बसण्याची जागा. रस्त्यावर वाहनांचे भोंगे, बाजारात विक्रेत्यांचे पुकारे, आणि घरी यावे तो शेजारच्या मांडवातील ध्वनिवर्धक चालूच! शांतता हवी असेल तर डोंगरावर किंवा खेड्यातच गेले पाहिजे, असे मग वाटू लागते. परंतु गर्दीचा एक स्वभाव आहे. ती ठरलेल्या वाटेने आणि ठरलेल्या वेळी जाते. तिची वाट सोडून थोडे बाजूला वळणाऱ्यास शहरातच एकांत सापडतो. मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर ही शहरे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

नांदेडला येणारा यात्रेकरू प्रथम सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याकडे जातो. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंह यांनी १७०८ साली या नगरीत देह ठेवला. महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात तेथे भव्य गुरुद्वारा बांधविला. देशोदेशींचे भाविक तेथे येतात. तेथे गर्दी असावयाचीच, आणि ती त्या स्थानाला शोभतेही.

दर्शन आटोपल्यावर मात्र गोदावरीकडे वळावे. नदीला अनेक घाट आहेत. त्यांपैकी एकाचे नाव बंदा घाट. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी नांदेडच्या या नदीकाठी माधोदास नावाचा एक बैरागी मठ करून राहत असे. तो मूळचा दूर काश्मीरकडील राजौरीचा. तरुणपणी शिकारीत एक गाभण हरिणी त्याच्या हातून मारली गेली आणि त्याचे मन संसारातून उडाले, अशी कथा सांगतात. फिरत फिरत तो येथे आला व गोदावरीच्या शांत काठाने त्याला धरून ठेविले. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंह त्याच्या मठात आले. त्या भेटीनंतर बैराग्याचा बंदासिंह झाला. त्याने पंजाबात जाऊन १७१० साली सरहिंद जिंकले आणि १७१६ मध्ये दिल्लीस हौतात्म्य पत्करले. त्या धामधुमीत त्याला कधी हा काठ आठवला असेल काय? इतिहास त्याविषयी काही सांगत नाही; पण घाटाच्या पायरीवर बसले म्हणजे हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

नदीच्या काठीच नांदेडचा जुना किल्ला आहे. कंधारच्या बलाढ्य किल्ल्यापुढे तो फारसा नावाजलेला नाही, हे एका परीने बरेच झाले! सूर्योदयाच्या सुमारास नदीवर बगळे उतरतात, खंड्या पक्षी पाण्यात सूर मारतो, आणि जागे होणाऱ्या शहराचा आवाज दुरून आल्यासारखा वाटतो. पावसाळ्यात मात्र पाण्याजवळ जाऊ नये. गोदावरी चढू लागली म्हणजे पायऱ्या पाहता पाहता बुडतात.

लातूरला नदीचा असा आसरा नाही. तेथील गंजगोलाईत जगदंबेच्या मंदिराभोवती गोलाकार बाजारपेठ असून तिला सोळा रस्ते येऊन मिळतात. गूळ, मिरची, कापड, भांडी. सकाळी दुकाने उघडली की पाय ठेवण्यास जागा उरत नाही. म्हणून गोलाई पाहावयाची तर दुकाने उघडण्यापूर्वी पाहावी. तिची सुबक वर्तुळाकार रचना तेव्हाच डोळ्यांत भरते.

याच शहरातील पापविनाशक मंदिरात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या काळातील, म्हणजे बाराव्या शतकातील, संस्कृत शिलालेख मिळाला. त्या काळी या नगरात पाचशे विद्वान राहत होते, असे त्यावरून कळते. आज शिक्षणासाठी हजारो मुले लातुरात येतात, दाटीवाटीच्या खोल्यांतून राहतात आणि पहाटेपासून शिकवणीस धावतात. अशा मुलाला उत्सवाचे दिवस सोडून एखाद्या दुपारी जुन्या देवळाच्या ओसरीत घटकाभर बसावयास मिळाले, तर त्याला ते किती हवेसे वाटेल!

तुमच्याही गावी अशा जागा असतील. त्या शोधावयाच्या तर आजोबा-आजींना विचारावे. पूर्वी पाणी कोठून आणीत, पोहावयास कोठे जात, सुट्टीत कोणत्या झाडाखाली खेळत, हे ते आनंदाने सांगतील. नळ आला आणि बारवेची वाट मोडली. रस्ता रुंद झाला आणि जुना पार मागे पडला. लोक विसरले म्हणून त्या जागा निवांत राहिल्या. पण लोक विसरले म्हणूनच कित्येक ठिकाणी तेथे केरही साचला आहे. तेव्हा जाताना पुस्तकाबरोबर एक रिकामी पिशवी न्यावी, आणि सोबत न्यावयाचाच असेल तर ज्याला थोडा वेळ गप्प बसता येते असा मित्र न्यावा.