जुना मोजणी प्रोग्राम, नवा संगणक

प्रश्न : टोटल स्टेशनच्या नोंदींवरून नकाशा काढणारा आमचा डॉसच्या काळातला प्रोग्राम नव्या विंडोज ११ संगणकावर उघडतच नाही. काय करावे?

उत्तर : तुमचा प्रोग्राम १६-बिट असणार. ६४-बिट विंडोज असे प्रोग्राम चालवत नाही आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच मिळते. त्यामुळे ‘कम्पॅटिबिलिटी मोड’च्या खटपटीत वेळ घालवू नका. व्हर्च्युअलबॉक्स या आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये परवान्याची ३२-बिट विंडोज एक्सपी बसवून प्रोग्राम तिथे चालवा. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ नंतर थांबले, म्हणून त्या आभासी संगणकाला इंटरनेट देऊ नका.

खरी डोकेदुखी डोंगलची, म्हणजे प्रोग्राम चालण्यासाठी संगणकाला जोडावा लागणाऱ्या परवान्याच्या चावीची. तो प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टवरचा असेल, तर यूएसबीच्या केबलवर सहसा ओळखला जात नाही. अशा वेळी जुना संगणकच जपावा, हार्ड डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवावी, हे माझे स्पष्ट मत.

पण प्रोग्रामपेक्षा मोलाच्या आहेत तुमच्या नोंदी. लोकांच्या जमिनींच्या हद्दी त्यांत आहेत. जुना प्रोग्राम चालतो आहे तोवर सगळे कोऑर्डिनेट साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आणि नकाशे डीएक्सएफमध्ये काढून घ्या. नव्या सॉफ्टवेअरमध्ये काही गटांचे क्षेत्रफळ जुन्या आकड्यांशी ताडून पाहा. हे काम याच आठवड्यात सुरू करा.