दार आणि आसन

शाळेचे दार सर्वांस खुले असावे, ही गोष्ट आज आपणांस इतकी स्वाभाविक वाटते की, ते एके काळी बंद होते याचा विसर पडतो. म्हणून त्याचा थोडा इतिहास पाहू.

१८५६ साली, तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारण्यात आला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय त्याच्या बाजूस आहे हे सरकारला मान्य होते. परंतु त्याला घेतल्यास इतर मुले शाळा सोडतील, या भीतीने दार बंदच राहिले. पुढे १८५८ साली, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचे जाहीर झाले.

दार उघडले, पण आसन मिळाले काय? त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची मुभा नव्हती; शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. हेच भीमराव १९१२ साली बी. ए. झाले आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

त्याच अमेरिकेत अनेक शाळा-विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. १७ मे १९५४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. तरीही १९६२ साली जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणास मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळू नये म्हणून दंगल उसळली. दोन माणसे मृत्युमुखी पडली. सैन्य आणावे लागले. १ ऑक्टोबरला त्याचे नाव दाखल झाले. मात्र भोजनगृहात तो बसला की शेजारचे विद्यार्थी उठून जात. सैन्याने दार उघडले. शेजार देणे सैन्याच्या हाती नव्हते. तरीही १९६३ साली मेरेडिथ पदवीधर झाला.

१९५४ सालीच, २ ऑगस्टला, आपले सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. १९६१ साली हा प्रदेश भारतात विलीन झाला. आपल्या राज्यघटनेच्या २९व्या कलमानुसार, शासनाच्या वा शासकीय साहाय्याने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणावरून कोणासही प्रवेश नाकारता येत नाही. वारली, कोकणा, धोडिया, इतर सारे, दार सर्वांचेच आहे.

परंतु घरी वारली बोलणारा एखादा मुलगा वर्गात मराठी वाचताना अडखळला आणि आपण हसलो, तर त्याच्यापुढे ते गोणपाट आपणच पुन्हा अंथरले, असे होईल. दार उघडणे हे कायद्याचे काम होय. बाकावर सरकून जागा करून देणे, हे मात्र आपणा विद्यार्थ्यांचेच काम आहे.